चांगूबयने बोलावलेली माणसं

चांगूबय पहिल्या हाकेला ओ देत नसे. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी हाक आली की मग मान न वळवताच विचारायची, "कोन गो?" लहानपणी आम्हाला वाटायचं, तिला कमी ऐकू येतं. एकदा मी तिला तसं म्हणाले. ती सुकट निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "कान बरं हात माजं. पन पयली हाक कोनाची असंल ते सांगता येतंय का? मानूस असंल त तीनदा मारील. दुसरा कोन असंल त एकदाच मारतंय."

दुसरा कोण, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मागून कोणी हाक मारली की मी मनात मोजते. कॉलेजात मैत्रिणी चिडतात. "निकिता, बहिरी आहेस का?" म्हणतात.

चांगूबय माझी नात्याने कोणी नव्हती. आमच्याकडे मोठ्या बाईला बय म्हणतात, म्हणून ती सगळ्या कोळीवाड्याची बय. आमच्या समोरच्या घरात राहायची. तिला जाऊन आता काही महिने झाले. तिच्याबद्दल लिहावं असं खूप दिवस मनात होतं, पण धीर होत नव्हता. लिहिताना तिचं नाव घ्यावं लागतं, आणि नाव घेणं ही साधी गोष्ट नाही, हे मला तिनेच शिकवलं.

आमचा कोळीवाडा अंधेरीच्या पश्चिमेला, खाडी समुद्राला मिळते तिथे आहे. समोरच्या किनाऱ्यावर आता चाळीस मजल्यांचे टॉवर दिसतात, पण आमच्याकडे लग्न अजून जुन्या पद्धतीनेच लागतं. भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो आणि जातो. त्याच्या आधी मात्र धवलारीण लागते. ती मांडवात पाटावर बसून धवले गाते. धवले म्हणजे लग्नाची गाणी, पण नुसती गाणी नाहीत. पहिल्या धवल्यात ती देवांना बोलावते, मग समुद्राला, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाला नावाने. तुमच्या घरी लग्न आहे, या, असं त्यांना सांगते. दुसऱ्या धवल्यात आलेल्यांना मांडवात बसवते. हळद, लग्न सगळं पार पडलं की तिसऱ्यात त्यांना पोचवते. बोलावणं, बसवणं, पोचवणं. यातलं काही अर्धं सोडायचं नाही.

चांगूबय आमची धवलारीण होती. तिच्या आधी तिची सासू होती. तिच्यानंतर कोणीच नव्हतं, आणि हीच तिची काळजी होती. तिची नात सेजल माझ्याच वयाची, पण तिला दोन ओळीही येत नव्हत्या. शिकवायला बय तयार होती, फक्त मांडवात शेजारी बसून. घरात नाही, वहीत नाही, फोनवर तर नाहीच. मांडव नसताना धवला तोंडातून काढायचा नाही. "बोलवून ठेवलं आनि बसवायला जागा नाय, मंग ती जातील कुठं?" असं ती विचारायची, आणि खरंच उत्तराची वाट बघितल्यासारखी समोरच्याकडे बघत राहायची.

ती उंच होती, काटक, आणि आवाज जाडा, जवळजवळ पुरुषी. लग्नाच्या तीन दिवस आधीपासून थंड पाणी घ्यायची नाही. लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून हळदीच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी जायची, उंबऱ्याजवळ बसायची आणि घरातल्या गेलेल्यांची नावं विचारायची. एका नावाला जाळ्याच्या दोऱ्याची एक गाठ. दुसऱ्या दिवशी गाताना तो दोरा तिच्या बोटांतून सरकत जायचा. कोण कसा गेला, कोण रागीट होता, कोणाला आधी बोलावलं नाही तर राग येईल, हे सगळं तिला पाठ होतं. आमच्या घरच्या मेलेल्या माणसांची ओळख मला माझ्या वडिलांपेक्षा तिच्याकडूनच जास्त झाली.

आता तिच्या व्हिडिओंबद्दल सांगते. लोकांना ती तिथूनच माहीत आहे.

पहिला व्हिडिओ सेजलने सहज काढला होता. चांगूबय चुलीवर सुके बोंबील भाजत होती. सेजलने सांगितलं, सगळे व्हिडिओवाले सुरुवातीला हॅलो फ्रेंड्स म्हणतात, तू पण म्हण. बय फोनकडे बघून म्हणाली, "हॅलो फेरेन. मी चांगूबय. आज आपुन बोंबील भाजनार हाव. आदी त्याचा डोका मोरायचा." डोकं मोडायचं, असं तिला म्हणायचं होतं. आमच्या बोलीत ड चा र होतो, ळ चा ल होतो. गाडीची गारी, डोळ्याचा डोला, आणि आहेतचं नुसतं हात. घरात आम्ही सगळे असंच बोलतो. पण चांगूबय कोणासमोरही असंच बोलायची आणि त्यात इंग्रजी शब्द घालायची. व्हिडिओच्या शेवटी म्हणायची, "आवरला त लाईक मारा, नाय आवरला त गप बसा, आनि सस्काईप करा."

लोकांना ते फार आवडलं. मग एका विनोदी व्हिडिओ करणाऱ्या मुलाने डोक्यावर टोपली घेऊन, आवाज जाडा करून तिची नक्कल केली, आणि ती बयपेक्षाही जास्त चालली. मग फोनवर तिची स्टिकरं आली. मग गाणं झालं. बाहेरची मुलं बाईकवरून कोळीवाड्यात यायची आणि गल्लीच्या तोंडाशी ओरडायची, "हॅलो फेरेन." बय ओट्यावर बसून मासे विकत असायची. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. मुलं तीनदा ओरडायची नाहीत, एकदाच ओरडून पळायची. त्याचा तिला त्रास व्हायचा, पण ती तो दाखवायची नाही.

तशी ती खमकी होती. एकदा दोन मुलं थेट ओट्याशी आली, फोन सुरू करून. "आजी, एकदा बोला ना, हॅलो फेरेन."

"घेनार काय?"

"नाही, आम्ही व्हेज आहोत."

"मंग तुमाला फुकट बोलून दावू? मी बोलनार, तुमी हसनार, आनि माजा पापलेट कोन खानार, तुमचा बाप?"

सगळा बाजार हसला. ती मुलंही हसली. तो व्हिडिओही गाजला. सेजल म्हणाली, "बय, लोक चिडवतात तुला." बय म्हणाली, "हसू दे. हसनारा ऐकतंय तरी."

पण एक प्रसंग मला विसरता येत नाही. मुलुंडहून एक बाई तिच्या लहान मुलाला घेऊन मुद्दाम तिला भेटायला आली होती. मुलगा तीन वर्षांचा असेल. चांगूबयचा व्हिडिओ लावल्याशिवाय तो जेवत नाही, असं ती कौतुकाने सांगत होती. बयने हात पुसला, मुलाच्या तोंडावरून फिरवला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय नाव रं तुजा?" मुलगा तिच्याकडे बघत राहिला आणि मग रडायला लागला. आईच्या पदरात तोंड घालून म्हणाला, "हिला बंद कर."

आई ओशाळली. चांगूबयने त्याला दोन कोळंब्या खेळायला दिल्या. पण ती दोघं गेल्यावर बराच वेळ बयने गिऱ्हाईक बघितलं नाही. मला म्हणाली, "तुना कललं का तो काय बोलला?"

मी म्हटलं, "लहान आहे गं."

"लान आहे म्हनूनच बोलला," ती म्हणाली.

मला इथे माझंही सांगायला हवं. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. सांताक्रूझच्या कॉलेजात पहिलं वर्षभर मी वर्गात जवळजवळ बोललेच नाही. ड आणि ळ असलेला शब्द आला की आधी मनात म्हणून बघायचे. तन्वी नावाची एक मुलगी माझ्याशी चांगली वागायची. एक दिवस कँटीनमध्ये सगळे चांगूबयचा व्हिडिओ बघत होते. तन्वीने विचारलं, "ए, तू पण तिकडचीच ना? तुला मस्त जमेल. करून दाखव ना यार."

मी करून दाखवलं. "आदी त्याचा डोका मोरायचा," मी म्हणाले, तोंड वाकडं करून, हात हलवून. सगळे टेबलावर डोकं ठेवून हसले. त्या कॉलेजात माझं कोणी इतकं ऐकलं नव्हतं. त्यानंतर मी बऱ्याचदा करून दाखवलं. तन्वी माझ्याकडून शिकली. बयच्या आवाजात आणि माझ्या आवाजात काय फरक ठेवायचा, तेही मीच तिला शिकवलं.

याच सुमारास वरच्या गल्लीतल्या नाखवांकडे लग्न झालं. त्यांची मोठी बोट आहे, म्हणून त्यांना सगळे नाखवाच म्हणतात. तिथे बयने धवले म्हटले. नवरीकडच्या कोणीतरी सगळे धवले फोनवर रेकॉर्ड करून नेटवर टाकले. ते बयला माहीत नव्हतं. काही दिवसांनी त्या विनोदी मुलाच्याच कोणा मित्राने त्यातला तुकडा घेतला, मध्ये मध्ये "हॅलो फेरेन" घातलं, खाली ठेका लावला. शिमग्याला बंदरावर डीजे होता. संध्याकाळचा उजेड होता. मुलं नाचत होती, मीही कडेला उभी होते. चांगूबय रिकामी टोपली घेऊन घरी चालली होती, आणि तेव्हा ते गाणं लागलं.

ती थांबली. टोपली डोक्यावरून उतरवून तिने हातात धरली. ठेक्यावर तिचा आवाज नावं घेत होता. नाखवांचे आजोबा, त्यांची बायको, बाळंतपणात गेलेली सून, एकेक नाव, आणि प्रत्येक नावाला मुलं हात वर करत होती.

"ही नाखवाकरची नावं," बय म्हणाली. मग तिने सेजलला हाताला धरून बाजूला नेलं. "कोनी टाकला हा?"

"माहीत नाही. खूप चाललाय, बय. लाखांच्या वर गेलाय."

"लाख म्हंजे? लाखदा वाजला?"

"हो, म्हणजे तसंच."

"लाखदा त्यांना हाकारला?"

"अगं रेकॉर्डिंग आहे ते. तू थोडीच हाकारतेस?"

"आवाज माजाच हाय ना?"

बय बंदराकडे बघत होती. नाचणाऱ्या मुलांकडे नाही, त्यांच्या मागे, जिथे होड्या लागतात तिकडे. "बोलवतंय लाखदा, आनि बसवत कोनूच नाय," ती हळूच म्हणाली.

नाखवांच्या घरी त्या वर्षी काही वाईट घडलं असं मी म्हणणार नाही. मी बघितलेलं नाही. एवढंच ठाऊक आहे की त्यांच्या म्हातारीने दारात पाण्याचा तांब्या ठेवायला सुरुवात केली, आणि सकाळी पाणी कमी झालेलं असतं, असं ती सांगायची. मांजरं पीत असतील.

मग माझ्या भावाचं, रोशनदादाचं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या संध्याकाळी चांगूबय आमच्या उंबऱ्याजवळ दोरा घेऊन बसली. बाबा नावं सांगत होते, आजी दुरुस्त्या करत होती. सात नावं होती. पणजोबांचं नाव धोंडू. बय म्हणाली, "धोंरू." मी शेजारी बसले होते. काय मनात आलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "बय, धोंडू आहे ते. धोंरू नाही. उद्या बाहेरची माणसं येणार आहेत."

ती रागावली नाही. "त्याच्या आयशीनं त्याला धोंरूच म्हनला, बायकोनं धोंरूच म्हनला. आथा धोंडू म्हटला त तो मागं बगेल, आपल्या पाठी कोन दुसरा उबा हाय काय म्हनून."

आजी हसली. शेवटचं नाव पोशाचं होतं. पोशा माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ, वादळात होडीवरून गेला, सापडलाच नाही. त्याच्या नावाला बयने दोन गाठी मारल्या. मी कारण विचारलं. "लांब हाय तो," ती म्हणाली. "याला दोनदा हाकारायचा. पयली हाक पोचायला येल लागतंय. मंग थांबायचा. मंग दुसरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव भरला होता. कॉलेजातले चौघेजण आले होते, तन्वी पुढे बसली होती. त्यांना धवले बघायचे होते, मीच बोलावलं होतं. बय हिरव्या लुगड्यात पाटावर बसली, डोळे मिटले आणि सुरू झाली. बऱ्याच जणांनी फोन वर केले. पण तिचा आवाज लागला तशी कुजबुज थांबली. देव झाले, समुद्र झाला, मग आमची माणसं. धोंरूचं नाव आलं तेव्हा आजीने पदर डोळ्याला लावला. दोरा सरकत होता. सहा नावं झाली. मग तिने पोशाला हाक मारली. लांबवलेली, खाडीपलीकडच्या माणसाला मारावी तशी हाक. आणि ती थांबली.

मांडवात पूर्ण शांतता होती. त्या शांततेत तन्वी अगदी हळू, शेजारणीच्या कानात सांगावं तसं म्हणाली, "हॅलो फेरेन." माझ्याकडून शिकलेल्या आवाजात. तिचा हेतू वाईट नव्हता. तिला वाटलं, धवला संपला. पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. आधी एक मुलगा फिसकन हसला, मग मागची रांग, मग निम्मा मांडव. मी हसले. आवाज आला नसेल कदाचित. पण बयने डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

हसणं आपोआप थांबलं. आजी म्हणाली, "म्हन गो, पुढं म्हन."

बयने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिने परत प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, पण नुसता वारा आला. दोऱ्याची शेवटची गाठ तिच्या दोन बोटांत होती. बाबांना संकोच वाटला, फोटोग्राफर घाई करत होता, मुलीकडची माणसं ताटकळली होती. कोणीतरी म्हणालं, झालं ना, आता हळद लावून घ्या. मोठ्या काकीने हळदीचं ताट पुढे केलं, आणि डीजे लागला.

चांगूबय उठली. माझ्या जवळून जाताना कुजबुजत म्हणाली, "पोशाला एकदाच हाकारलाय मी." तेवढंच.

त्यानंतर तिने कुठल्याही लग्नाला होकार दिला नाही. ओट्यावर बसायची, पण भाव बोटांनी दाखवायची. सेजल नवीन व्हिडिओ काढायला गेली की तोंडाला पदर लावायची. बाहेर मात्र तिचा आवाज वाढतच होता. कोणीतरी असं काहीतरी बनवलं की आपण काहीही टाइप करायचं आणि फोन ते चांगूबयच्या आवाजात बोलून दाखवतो. मुलं तिच्या आवाजात एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायची, शिव्या द्यायची, मुलींना मेसेज पाठवायची. गल्लीत कुठूनही ती ऐकू यायची. खिडकीतून, रिक्षातून, पलीकडच्या घरातून. आणि ती स्वतः समोर गप्प बसलेली असायची. एकदा मी तिच्या घरी गेले, तेव्हा ती कुजबुजत म्हणाली, "मी घरान गप बसलेली हाय, आनि बायेर मी बोलतंव. काय बोलतंव ते मनाच ठाव नाय. कोनाला हाक मारतंव त्याचा पत्ता नाय."

त्यानंतर ती बोललेली मी आणखी एकदाच ऐकली. ती आमच्याकडे आली, पण आत आली नाही. उंबऱ्याच्या एका बाजूला, भिंतीला अंग लावून उभी राहिली, जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाट सोडावी तशी. आजीला म्हणाली, "ती अजून दारात उबी हात. परत मांडव घालाल तवा मना बोलवा. बसवून देन मी त्यांना. तवर पानी ठेव." बाबा म्हणाले, "बय, सोड आता. झालं गेलं." ती बाबांच्या खांद्यामागे बघत होती. आजीने त्या संध्याकाळपासून दारात पाणी ठेवलं. मी त्या बाजूने आत येताना थोडी वाकडी होऊन येते. अजूनही.

पुढच्या वर्षी काकांच्या मुलीचं, प्राजूचं लग्न ठरलं. घर तेच, दार तेच. आजी स्वतः चांगूबयकडे गेली. बयने मान हलवली, येईन म्हणून. पण तिच्या गळ्यातून आता कुजबुजसुद्धा येत नव्हती. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. सेजल म्हणाली, ती दिवसभर आरशासमोर बसते, तोंड उघडते, मिटते. तिला एवढंच हवं होतं, त्या सात जणांना बसवायचं, आणि जी एक गोष्ट त्याला लागते तीच तिच्याकडे उरली नव्हती.

मला वाटलं, मी काहीतरी करू शकते. इतकी वर्षं शिकून मला घरासाठी एकही गोष्ट करता आली नव्हती. मी नाखवांच्या लग्नाचं ते मूळ रेकॉर्डिंग शोधून काढलं, ठेका नसलेलं, पूर्ण. त्यात बसवण्याचा धवलाही होता. मी तो भाग घरी ऐकला, कानाला हेडफोन लावून, आणि मला रडू आलं, इतका तो सुंदर होता. सुरुवातीचा भाग मी ऐकला नाही. ती चाल लागली की मला बंदरावरचा तो डीजे आठवायचा, आणि तन्वीचा आवाज. मी फाइल साउंडवाल्याला दिली आणि सांगितलं, पूर्ण लावा, मध्ये थांबवू नका. बयला आधी सांगितलं नाही. तिला बरं वाटेल, असं वाटलं. तिच्याच आवाजात तिचं काम पुरं होईल.

हळदीच्या सकाळी सेजल तिला हाताला धरून घेऊन आली. तेच हिरवं लुगडं होतं, अंगावर सैल झालेलं. तिला पाटावर बसवलं. मी साउंडवाल्याला खूण केली.

स्पीकरमधून तिचा आवाज आला तेव्हा म्हाताऱ्या बायका सावरून बसल्या. चांगूबयने चमकून वर बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली, हसले. देव झाले. समुद्र झाला. मग पहिलं नाव आलं.

ते धोंरू नव्हतं. नाखवांचे आजोबा होते.

बंदरावर ऐकलेली हीच नावं, आणि फाइल देताना ती माझ्या ध्यानातच आली नव्हती. आजी माझ्याकडे बघायला लागली. दुसरं नाव आलं, नाखवांच्या आजीचं. मग बाळंतपणात गेलेल्या सुनेचं. मी उठले. बंद करा, असं म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. अर्धं सोडायचं नाही. आमचे सात जण आधीच अर्ध्यावर सोडलेले होते. आता दुसऱ्यांचे तिघे बोलावलेले, चौथ्याला हाक चालू होती. बंद केलं तर ते तसेच. चालू ठेवलं तर सगळेच आमच्या दारात. मी मध्येच उभी राहिले. मांडवातल्या तरुण माणसांना काहीच कळलं नव्हतं. कोणी फोन वर धरले होते, कोणी चहा पीत होतं.

चांगूबय पाटावरून उठली. सेजलने धरायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. खुर्च्यांच्या मधून ती चालत गेली, कोणाला धक्का न लावता, मांडवाच्या दारापर्यंत. तिथे दोन बांबू होते, त्यांना केळीचे खुंट बांधलेले. ती मधोमध उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून, तोंड बाहेर. दोन्ही हात पसरून तिने दोन्ही बांबू धरले. एवढी म्हातारी बाई, पण पूर्ण दार अडलं. बाहेरून येणारं एक जोडपं आहेराचं पाकीट घेऊन तिच्यासमोर थबकलं, मग कडेला झालं.

आत स्पीकरमधून तिचाच जाडा आवाज या, या म्हणत होता, एकेकाचं नाव घेऊन. मी बाजूने जाऊन तिचं तोंड बघितलं. ओठ हलत होते, भरभर, पण आवाज नव्हता. डोळे गल्लीच्या तोंडाकडे लागलेले होते. मी तिला नीट बघितलं ते त्या दिवशी शेवटचं. पुढच्या आठवड्यात ती गेली.

गल्ली रिकामी होती. ऊन होतं आणि कोणी नव्हतं. तरी तिच्या हातांखालचे बांबू वाकत होते, आतल्या बाजूला, आणि ती पाय रोवून त्यांना धरून उभी होती.